घोडीवरची सायकल

आमच्या कॉलनीत पेढे तीन वेळा वाटतात. पोरगं झालं की, पोरगं पास झालं की, आणि बाप अनफिट झाला की. बाहेरचा माणूस म्हणेल, हे काय भलतंच. म्हणू द्या. माजरीच्या खाणपट्ट्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, मला त्यात काही वावगं वाटत नाही. खाणीतला माणूस निवृत्तीच्या आधीच आजारपणानं कामाला निकामी ठरला, तर त्याच्या जागी पोराला घेतात. डॉक्टरांचा बोर्ड बसतो आणि ठरवतो. बाप फिट निघाला तर बाप पुन्हा कामावर, पोरगा घरी. अनफिट निघाला तर बाप घरी, पोरगा कामावर. आमच्या पोरांना पाढे नंतर येतात, हा हिशेब आधी येतो.

मी लग्न होऊन आले ती कुरखेड्याकडून. तिकडे धान, मोह आणि वर्षातले चार महिने चिखलात पाय. इथे आले आणि लग्नातली पांढरी साडी धुऊन अंगणात वाळत घातली, तर संध्याकाळी ती राखाडी. सासूला म्हटलं, "इथी आभाळातून काजळ पडते काय जी?" सासू म्हणाली, "पडते. झाडू घे." सासू गेली, तो झाडू अजून माझ्या हातात आहे. सकाळी एकदा, दुपारी अंगणवाडीच्या कामावरून आल्यावर एकदा. कोळशाची धूळ मला तळपायानं ओळखू येते. ती चिकट असते, थोडी चमकते, फडक्यानं पुसली तर पसरते.

आमचे हे गोंडपिपरीकडच्या शेतकऱ्याचे पोर. खाणीत लागले तेव्हा सोबत एक काळी सायकल होती आणि एक वळकटी. वळकटी केव्हाच फाटली. सायकल राहिली. पुढे हे डंपर चालवायला लागले, गाडी घेण्याची ऐपत आली, तरी कामावर जायचे सायकलनंच. कॅरिअरला डबा, हँडलला हेल्मेट. मी म्हणायची, "एवढा मोठा डंपर हाकणारा माणूस अन् सायकलवर चालला, लोक हसते ना." हे म्हणायचे, "डंपर कंपनीचा हाय. सायकल माही हाय."

मग एका सकाळच्या पाळीला डंपरवरच छातीत कळ आली. गाडी बाजूला लावून हे खाली उतरले आणि टायरला टेकून बसले. तिथून दवाखाना, तिथून नागपूर. छातीत स्प्रिंग बसवली. तिला स्टेंट म्हणतात, पण कॉलनीत सगळे स्प्रिंगच म्हणतात. डॉक्टर तरुण होता, समजावून सांगणारा. म्हणाला, रोज व्यायाम करा, थोडा थोडा वाढवा. नाही केला तर हृदय आळशी होतं, मग ते सांगितलेलं ऐकत नाही. मी म्हटलं, आमच्या घरात असे पुष्कळ आहेत. तो हसला. हे नाही हसले.

आता चालायचं कुठे, हा प्रश्न आला. समोरच्या रस्त्यावर दिवसरात्र कोळशाचे ट्रक. रेल्वे सायडिंगमागची पायवाट बरी होती, पण तिथल्या झुडपात पट्ट्यांचं जनावर दिसलेलं. आमच्याकडे सकाळच्या पारी त्याचं नाव घेत नाहीत, जनावरच म्हणतात, ऐकणाऱ्याला कळतं. मग हे बैठकीत चालायचे. कपाटापासून दारापर्यंत, दारापासून कपाटापर्यंत. मी म्हटलं, "बाप्पा! एकतर तुमी बसा, नाई तं कपाट बाहेर काढते. डोकं गरगरून राह्यलं माहं."

तेव्हा पोरानं मार्ग काढला. आमचा पोरगा एकच. डिप्लोमा झालेला, पोलीस भरती धावून झालेली, वनरक्षकाची धावून झालेली, वय हळूहळू निसटत चाललेलं. सोयरिकीला आलेले लोक चहा पिऊन जायचे आणि पुन्हा यायचे नाहीत. दिवसभर मोबाईलवर बोट फिरवायचा. एक दिवस म्हणाला, "आई, बाबाची सायकल घरातच चालवता येते. तसा स्टँड भेटते." आठवड्यानं खोकं आलं. आत लोखंडाचे दोन फाकलेले पाय आणि मध्ये एक गुळगुळीत रोलर. सुताराकडं लाकूड ठेवायची घोडी असते, तसलाच प्रकार. आम्ही तिला घोडीच म्हणायला लागलो.

सायकल जुनी, घोडी नवी, दोघींचं जमेना. पोरानं कॅरिअर काढलं, सायकलचा जुना स्टँड काढला, मागच्या चाकाचे नट घासून बसवले. मागचं चाक दोन्ही बाजूंनी आवळून जमिनीवरून उचललं. पुढचं चाक खाली राहिलं म्हणून त्याच्याखाली माझा जेवणाचा पाट दिला. मग पोरगा उकिडवा बसून मला दाखवायला लागला. "ही घुंडी पिळली का रोलर टायरले चिकटते. मंग पायडल मारायले जोर लागते. सैल केली का चाक हवेतच फिरते."

"हवेत फिरून काय फायदा?"

"काईच नाई," पोरगा म्हणाला.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले. हे सकाळी बनियनवर सायकलवर बसायचे, खांद्यावर दुपट्टा, तोंड खिडकीकडं. रोलरचा आवाज मोठा यायचा, घूं करून, पीठगिरणी दुरून ऐकू यावी तसा. शेजारची लेकरं खिडकीत चढून विचारायची, "काका, कुठवर आले?" हे म्हणायचे, "वरोऱ्याले पोचलो. आता चहा पितो अन् वापस येतो." मी सैंपाकघरातून ओरडायची, "गेलेच हा तं भाजी घेऊन या!" दुपट्टा घामानं भिजायचा. तो मी नाक मुरडत दोरीवर टाकायची. हळूहळू यांच्या तोंडावर रंग आला. गच्चीवरची पाण्याची टाकी बघायला एका दमात वर गेले. भाकर जास्त मागायला लागले. मला बरं वाटलं. ते इथे साफ सांगून ठेवते, कारण पुढच्या दिवसांत मला फारसं काही वाटलेलं नाही.

रविवारी विहारात वंदनेला गेलो होतो. वंदना झाल्यावर चपला शोधत होते, तर समोरच्या घरची बाई आली. तिचा नवरा मागच्या वर्षी अनफिट झालेला, पोरगा लागलेला, दारात नवी मोटरसायकल. ती हसत म्हणाली, "वहिनी, तुमच्या घरी उलटी गंगा वाह्यते जी. आमचा माणूस बोर्डापायी जिना चढत नोयता, अन् तुमी भाऊले सायकलवर बसवून राह्यल्या. भाऊ फिट निघाले मंग पोट्ट्याचं काय?"

"मले माहा नवरा जिवंत पाहिजे," मी म्हटलं.

"जिवंत तं माहाही हाय," ती म्हणाली.

तिच्या मनात वाईट नव्हतं. वाईट असतं तर मी तिथंच तिची पूजा बांधली असती. ती खरंच काळजीनं सांगत होती. पण माझ्या मागे पोरगा उभा होता, माझी पिशवी धरून. मी वळून त्याचं तोंड पाहिलं आणि मला कळलं की ही गोष्ट त्याच्या डोक्यातच आली नव्हती. यांचा बोर्ड दोन-तीन महिन्यांवर आलेला, कॉलनीतलं शेंबडं पोर हा हिशेब सांगेल, आणि हा बह्याड स्वतः खोकं मागवून, स्वतः नट आवळून बापाला फिट करत बसला होता.

त्यानंतर यांनी पायडल मारायला घेतलं की पोरगा बाहेर जायचा. थांबा असं कधी म्हणाला नाही. टायरमध्ये हवा आहे की नाही, तेही बघायचा. फक्त आवाज सुरू झाला की चप्पल घालायचा. यांनी दोन-चार दिवस पाहिलं. मग कुणाकडून काय ऐकलं असेल ते ऐकलं.

मला कळलं ते झाडूमुळं. घोडीखाली दोन तऱ्हेचा काळा कचरा पडायचा. एक आपला रोजचा, कोळशाचा. दुसरा टायरचा. रोलरवर टायर घासून रबराचा बारीक कीस पडतो, तो निस्तेज असतो, झाडला की गोळा होतो. एका सकाळी मी झाडलं तर नुसता कोळसा. दुसऱ्या दिवशीही नुसता कोळसा. मी दोरीवरचा दुपट्टा हातात घेतला. ओला होता. वास घेतला तर नळाच्या पाण्याचा. मग आवाजाकडं कान दिला. चेन टिकटिक करत होती, आणि घूं नव्हतं. इतके दिवस कुकर आणि मिक्सरच्या नादात माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

वाकून पाहिलं. टायर आणि रोलरच्या मध्ये बोट जाईल एवढी फट.

माझा पहिला संशय पोरावर गेला. आई असून गेला. तो दारात दिसल्याबरोबर मी सुरूच झाले. "बापाच्या जिवावर उठला काय रे तू? घुंडी काऊन सैल केली?" पोरगा म्हणाला, "मी हात नाई लावला, आई." मग तो खाली बसला आणि माझ्यासमोर घुंडी पिळली, रोलर टायरला चिकटेस्तोवर. "हे पाय, टाईट केली." दुसऱ्या दिवशी घुंडी पुन्हा सैल. घरात तिसरं माणूस एकच होतं.

मग आमचं सुरू झालं. मी झाडताना पिळून ठेवायची, हे बसायच्या आधी सैल करायचे. बोलणं नाही. मी इतकी करकचून पिळली की यांना पक्कड आणावी लागली. मी पक्कड लपवली. यांनी शेजारून आणली. माझं तोंड कॉलनीत प्रसिद्ध आहे, अंगणवाडीच्या बायकाही मला दबकून असतात, पण या एका गोष्टीवर आम्ही दोघं मुक्यासारखे लढत होतो. शेवटी एका दुपारी पोरगा बाहेर गेलेला पाहून मी यांच्यासमोर दुसरा पाट ओढून बसले.

"कोणाले फसवून राह्यले तुमी? मले का छातीले?"

यांनी आपल्या नखांकडं पाहिलं. डंपरवाल्याची नखं, कितीही घासा, काळीच. मग म्हणाले, "अवो, फिट निघालो तं पुन्हा डंपर. बसता येईन मले. पण एखाद्या दिवशी वळणावर डोळे मिटले तं? मी बी गेलो अन् खालचा माणूस बी गेला. अन् पोट्टा तसाच मोबाईल घासत राहीन. त्यापेक्षा बोर्ड होऊ दे."

"अन् डॉक्टरनं सांगतलं ते? हृदय आळशी होते म्हणून?"

"आळशी होते ना? मरत तं नाई. एकदा त्याचं काम होऊ दे, मंग रोज मारतो. टाईट करून. तुह्या समोर."

"खरं?"

"वरोऱ्यापर्यंत. भाजी आणतो तुले."

मी भांडायला हवं होतं. घोडी उचलून अंगणात फेकायला हवी होती. राग आला नाही, रडू आलं नाही. दाताचा डॉक्टर सुई मारतो, मग आपलाच गाल आपल्याला दुसऱ्याचा वाटतो, चावला तरी कळत नाही. तसं मला छातीपासून वर सगळं झालं होतं. एकीकडे हे, एकीकडे पोरगा, आणि कोणाकडं पाहिलं तरी दुसऱ्याचं हिरावून घेतल्यासारखं वाटायचं. मी उठले आणि तांदूळ निवडले.

त्यानंतर मी घुंडीला हात लावला नाही. पोरानं एकदा सैल घुंडी पाहिली, माझ्याकडं पाहिलं. मी भाकर थापत होते, थापतच राहिले. तोही उठून गेला. आता घरातल्या तिघांनाही माहीत होतं. तरी हे रोज सकाळी सायकलवर बसायचे. खिडकीतली लेकरं विचारायची, "काका, कुठवर?" हे गावं सांगायचे, चंद्रपूर, मूल, सावली. चेन टिकटिक करायची आणि आम्ही मायलेक सैंपाकघरात बशीतून चहा प्यायचो. कोणासाठी चाललं होतं, कोण जाणे. बंद करा, एवढं म्हणायला तिघांपैकी एकाचीही जीभ उचलली नाही.

बोर्डाच्या दिवशी आम्ही पहाटेच्या गाडीनं नागपूरला गेलो. यांना आत नेलं, सरकत्या पट्ट्यावर चालवलं. मी बाहेर बाकावर. शेजारी अशाच तीन-चार बायका, सगळ्यांच्या मांडीवर पिशव्या, कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. विचारायचं काय? नवरा पास होऊ दे म्हणायचं की नापास?

हे बाहेर आले ते भिंत धरून. ओठ पांढरे, कपाळ चिंब. मी उठले नाही. खरं सांगते, मला वाटलं नाटक आहे. इतक्या वर्षांच्या संसारात यांच्या तोंडाकडं पाहून मला खरं-खोटं कळलं नाही, असं पहिल्यांदा झालं. हे माझ्या शेजारी बसले, दम लागला होता. हळू आवाजात म्हणाले, "अवो, मी काईच केलं नाई. खरंच नाई जमलं."

मी पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. दुसरं काय करणार होते?

निकाल आला. अनफिट. कॉलनीत बातमी आमच्याआधी पोचली होती. मी पेढे आणले आणि घरोघर दिले. "अभिनंदन वहिनी." "सुटले एकदाचे भाऊ." "पोट्ट्याचं सोनं झालं." समोरच्या बाईनं मला मिठी मारली, तिचे डोळे भरून आले. मी तिच्या खांद्यावरून तिच्या दारातली मोटरसायकल पाहत होते. तोंडात पेढा होता, त्याची चव लागत नव्हती. घरी आले तर हे पोराला हेल्मेटचा पट्टा कसा बांधायचा ते दाखवत होते, आणि पोरगा हसत होता. कितीतरी दिवसांनी हसला. त्याच्या हसण्याचं तरी मला काही वाटायला पाहिजे होतं.

कागदपत्रं, तपासण्या, पुन्हा कागदपत्रं, असं करत करत पोराची पहिली पाळी लागली. सकाळची. बूट घालून तो उठला आणि डबा घेण्याआधी घोडीजवळ बसला. घुंडी पिळली, अंगठ्यानं टायर दाबून पाहिलं. "बाबा, आता खरी मारा बरं. माहं काम झालं ना आता."

"हाव, मारतो. तू जा, भोंगा होईन."

पोरगा गेला. हे सायकलवर बसले. दुपट्टा खांद्यावर घेतला, खिडकीकडं तोंड केलं, सगळं आधीसारखं. पायडलवर जोर दिला. घूं आवाज उठला आणि माझ्या हातातला झाडू थांबला. इतक्या दिवसांनी ऐकला तो आवाज. दोन-तीन फेऱ्या झाल्या असतील. मग आवाज बसत गेला आणि चाक थांबलं. हे उभे राहून अंगाचा भार टाकून पाहायला लागले. मानेच्या शिरा फुगल्या. चाक अर्धं फिरलं आणि पुन्हा थांबलं. यांनी हँडलवर कपाळ टेकवलं. पाठ भात्यासारखी वरखाली होत होती.

"उतरा," मी म्हटलं.

"थांब. होते."

"उतरा म्हणते ना."

"लेकरं येतीन आता खिडकीत," हे म्हणाले.

मी झाडू ठेवला, खाली बसले आणि घुंडी सैल केली. रोलर टायरपासून सुटला. "मारा आता," म्हटलं. यांनी कपाळ वर केलं नाही, पण पाय हलले. चेन टिकटिक करायला लागली. थोड्या वेळानं लेकरं आली, त्यांनी विचारलं, आणि यांनी त्यांना वरोरा सांगितलं.

दुपारी अंगणवाडीतून आल्यावर मी नळाखाली दुपट्टा धरला, पिळला आणि दोरीवर टाकला. पोराच्या येण्याच्या वेळेला घुंडी पुन्हा करकचून पिळून ठेवली. तो आला, तोंड काळं, दात तेवढे पांढरे, अगदी बापासारखा. बूट न काढताच त्यानं घोडीकडं पाहिलं, मग दोरीवरच्या दुपट्ट्याला हात लावून पाहिला.

"मारली काय बाबानं?"

"मारली," मी म्हटलं. "बूट बाहेर काढ. आताच झाडलं मी."